पाचवे पान उघडल्यानंतर

दिवाळीच्या दिवसांत आपल्या घरांतून पत्त्यांची बैठक बसते. माजघरात मुलांचा बदाम सात चाललेला असतो, ओसरीवर वडीलधाऱ्यांची रमी रंगते आणि दार लोटून घेतलेल्या खोलीत तरुण मंडळी तीन पत्ती मांडून बसतात. माळव्यात हे दिवाळीला, तर गुजरातेत श्रावणात, जन्माष्टमीच्या सुमारास. त्या बैठकीतला एक क्षण ज्याने पाहिला असेल, तो विसरणार नाही. एकेक जण पत्ते टाकून बाजूला झालेला असतो, दोघेच उरलेले असतात, आणि त्यांतला एक जण काहीही न बोलता मोठी रक्कम मधोमध सरकवतो. दुसरा आपल्या पत्त्यांकडे बघत राहतो. शो मागावा, की पत्ते टाकावेत? मागून कोणी म्हणतो, ‘टाक रे, त्याच्याकडे आहे.’ कोणी म्हणतो, ‘बघ तरी, थापा मारतोय.’ दोघांनाही काही ठाऊक नसते.

पोकर नावाच्या अमेरिकन खेळात हाच क्षण अधिक रेखीव रूपाने येतो, आणि त्यावर गेल्या शतकात मोठमोठ्या गणितज्ञांनी विचार केलेला आहे. पैसे लावून पत्ते खेळावेत असे सुचविण्याचा या लेखाचा मुळीच हेतू नाही. परंतु अपुऱ्या माहितीवर मोठा निर्णय घेण्याची वेळ प्रत्येक कुटुंबावर येते, आणि त्या कलेचा इतका स्वच्छ नमुना दुसरीकडे क्वचितच सापडेल.

प्रथम खेळाची ओळख करून घेऊ. पोकर १९ व्या शतकात मिसिसिपी नदीवरील वाफेच्या बोटींतून अमेरिकेत पसरला. त्याचे आज सर्वाधिक खेळले जाणारे रूप म्हणजे टेक्सास होल्डेम. प्रत्येक खेळाडूला दोन पाने झाकून मिळतात. नंतर मधोमध पाच पाने सर्वांसाठी उघडी मांडली जातात: आधी तीन एकदम, मग चौथे, आणि शेवटी पाचवे. या पाचव्या पानाला ‘रिव्हर’ म्हणजे नदी असे नाव आहे. हातची दोन आणि मधली पाच अशा सात पानांतून ज्याची पाच पानांची जुळणी श्रेष्ठ, तो जिंकतो. जोडीपेक्षा दोन जोड्या मोठ्या, त्यांहून तीन सारखी पाने, मग ओळीने पाच पाने, मग एकाच रंगाची पाच पाने, अशी ही चढती भाजणी आहे. प्रत्येक टप्प्यावर बोली लागते आणि बोलीची रक्कम मध्ये साचत जाते. तिला पॉट म्हणतात. समोरच्याच्या बोलीइतकी रक्कम घालून त्याला पाने दाखवायला लावणे म्हणजे ‘कॉल’, आपल्या तीन पत्तीतला शो. हातात काही नसताना मोठी बोली लावून दुसऱ्याला पळवून लावणे म्हणजे ‘ब्लफ’.

पाचवे पान उघडले, की खेळाचे स्वरूपच बदलते. चौथ्या पानापर्यंत दैवाला बोलायला जागा असते. अजून एक पान यायचे असते आणि ते कोणाचेही नशीब फिरवू शकते. पाचव्या पानानंतर दैवाचे काम संपलेले असते. कोण जिंकला हे त्या क्षणी ठरून गेलेले असते. फक्त आपल्याला ते ठाऊक नसते. आता उरते ते केवळ आपले अज्ञान, आणि त्या अज्ञानाची समोरच्या माणसाने लावलेली किंमत.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण मे २००३ मधले आहे. लास वेगास येथील बिनियन्स हॉर्सशू या जुगारगृहात पोकरची वार्षिक विश्वस्पर्धा भरली होती. प्रवेशशुल्क दहा हजार डॉलर आणि स्पर्धक ८३९. शेवटी दोघे उरले. एक होता सॅम फार्हा, लेबनॉनमध्ये जन्मलेला, अमेरिकेत स्थायिक झालेला मुरब्बी व्यावसायिक खेळाडू. दुसरा होता टेनेसी राज्यातला २७ वर्षांचा हिशेबनीस, ख्रिस मनीमेकर. आडनाव ऐकून हसू येईल, पण ते खरेच त्याचे आडनाव आहे. त्याने दहा हजार डॉलर भरलेच नव्हते. संगणकावरून खेळल्या जाणाऱ्या एका पात्रता स्पर्धेत शंभर डॉलरांहूनही कमी पैसे भरून त्याने हा प्रवेश जिंकला होता. पहिले बक्षीस पंचवीस लाख डॉलर, दुसरे तेरा लाख. म्हणजे दोघांच्या मधोमध बारा लाख डॉलरांचा प्रश्न होता.

तो डाव असा झाला. फार्हाच्या हाती इस्पिकची राणी आणि बदामाची नव्वी. मनीमेकरच्या हाती इस्पिकचा राजा आणि बदामाची सत्ती. प्रत्येकाने एकेक लाखाच्या चकत्या घातल्या. या चकत्या म्हणजे रोख डॉलर नव्हेत, स्पर्धेतली मोजमापाची साधने. मधली पहिली तीन पाने पडली: इस्पिकची नव्वी, चौकटची दुर्री, इस्पिकची छक्की. फार्हाला नव्व्यांची जोडी मिळाली. दोघांनीही बोली लावली नाही. चौथे पान इस्पिकची अठ्ठी. आता फार्हाने तीन लाख लावले. मनीमेकरने ते आठ लाखांवर नेले. फार्हाने उरलेले पाच लाख घातले. पॉटमध्ये अठरा लाखांहून अधिक जमले. त्या घडीला मनीमेकरच्या हाती तयार असे काहीच नव्हते. आणखी एक इस्पिक आले असते, किंवा पंजी वा दश्शी आली असती, तर मात्र त्याचा हात बलवान झाला असता. पाचवे पान आले बदामाची तिर्री. त्याच्या साऱ्या आशा मावळल्या.

फार्हाने बोली न लावता पाळी पुढे दिली. आणि मनीमेकरने आपले सर्वस्व पणाला लावले. फार्हाने होकार दिला असता तर त्याच्याही उरल्यासुरल्या साऱ्या चकत्या मध्ये गेल्या असत्या, आणि ती रक्कम पॉटमधल्या रकमेहून मोठी होती.

फार्हा विचारात पडला. समोरच्याची पाच इस्पिके जमायची राहून गेली असावीत, अशी शंका त्याने मोठ्याने बोलूनही दाखवली. शंका अक्षरशः खरी होती. मनीमेकर दगडासारखा बसून राहिला. अखेर फार्हाने पाने टाकली. थोड्याच वेळाने मनीमेकर विश्वविजेता झाला. पुढच्याच वर्षी त्या स्पर्धेत २,५७६ स्पर्धक उतरले, आणि २००६ साली ८,७७३. एका हिशेबनिसाला साधले ते आपल्यालाही साधेल, असे हजारोंना वाटू लागले होते.

तो डाव चित्रवाणीवर लक्षावधी लोकांनी पाहिला. खेळाडूंची झाकलेली पाने दाखविणारे छोटे कॅमेरे मेजात बसवलेले होते. त्यामुळे घरी बसलेल्या प्रत्येकाला दोघांचीही पाने दिसत होती, आणि प्रत्येक जण मनात फार्हाला ओरडून सांगत होता, ‘अरे, घाल पैसे!’ जे फार्हाला दिसत नव्हते ते पाहून आपण त्याला वेड्यात काढतो. तेव्हा क्षणभर त्याच्या खुर्चीत बसून, त्याला दिसत होते तेवढेच डोळ्यांपुढे ठेवून, या निर्णयाचा विचार कसा करावा ते पाहू.

पहिली गोष्ट, आपल्या हाताचे खरे मोल ओळखणे. नव्व्यांची जोडी एरवी वाईट नाही. परंतु चौथ्या पानावर बोली वाढवून पाचव्यावर सर्वस्व लावणारा मनुष्य एकतर फार बलवान असतो, नाहीतर अगदी पोकळ. मधला, बेताचा हात घेऊन कोणी असे करत नाही. म्हणजे फार्हाची जोडी खऱ्या बलवान हातापुढे हरणार आणि पोकळ हातापुढे जिंकणार. ती नव्व्यांची असो वा अठ्ठ्यांची, फरक पडत नाही. तिचा उपयोग फक्त थाप पकडण्यापुरता. अशा वेळी आपल्या पानांकडे वारंवार बघण्यात अर्थ नसतो. विचार समोरच्याचा करायचा असतो.

दुसरी गोष्ट किंमत. येथे मन सर्वांत अधिक फसते. समजा, पॉटमध्ये १०० रुपये आहेत आणि समोरच्याने १०० लावले. आपण १०० घातले आणि जिंकलो, तर आधीचे १०० व त्याचे १०० मिळून २०० चा लाभ. हरलो तर १०० ची हानी. म्हणजे तीन वेळांपैकी दोनदा चुकलो आणि एकदाच बरोबर ठरलो, तरी हिशेब जुळतो. बोली निम्मी, म्हणजे ५० ची असेल, तर चारांत एकदा बरोबर ठरणे पुरेसे. दीडपट असेल तर आठांत तीनदा, दुप्पट असेल तर पाचांत दोनदा. बोली कितीही प्रचंड असली, तरी बरोबर ठरण्याची गरज निम्म्याच्या जवळ जाईल, निम्म्यावर कधीच जाणार नाही. तरीही मोठ्या बोलीपुढे मन खात्री मागू लागते. ‘तो खोटे बोलतो आहे हे नक्की कळल्याशिवाय पैसे घालणार नाही,’ असे जो म्हणतो, त्याने प्रश्नच चुकीचा विचारलेला असतो. खरा प्रश्न असा: या किमतीला मला किती वेळा बरोबर ठरावे लागेल, आणि तितक्या वेळा मी बरोबर ठरेन का? फार्हापुढची बोली पॉटहून मोठी होती, म्हणजे त्याला तीनांत एकदाहून काहीसे अधिक वेळा बरोबर ठरायला हवे होते.

तिसरी गोष्ट, समोरच्याने सांगितलेली गोष्ट तपासणे. प्रत्येक बोली हे एक वाक्य असते, आणि सगळ्या बोली मिळून एक कथानक होते. ते पहिल्या ओळीपासून जुळते का? पहिल्या तीन पानांवर मनीमेकर गप्प राहिला. चौथे पान इस्पिकचे येताच त्याने उसळी घेतली. याचा सरळ अर्थ, पाच इस्पिके जमली. परंतु हेच वागणे अशा माणसाचेही असू शकते, ज्याच्याजवळ एकच मोठे इस्पिक आहे आणि जो पाचव्या पानाची वाट पाहतो आहे. कथानक दोन्ही बाजूंनी जुळत होते. म्हणूनच तो डाव अवघड होता.

चौथी गोष्ट नवख्याच्या लक्षात येत नाही. आपल्या हातातले पान दुसऱ्याच्या हातात असू शकत नाही. मध्ये तीन इस्पिके उघडी होती, म्हणजे बाहेर दहा राहिली. त्या दहांतून दोन इस्पिकांच्या ४५ जोड्या होतात. परंतु त्यांतली राणी फार्हाजवळच होती. उरलेल्या नवांतून ३६ जोड्या होतात. म्हणजे ज्या हाताचे भय त्याला वाटत होते, त्याच्या शक्यता पाचव्या हिश्श्याने कमी झालेल्या होत्या. त्याचप्रमाणे, मधल्या नव्वीला धरून समोरच्याजवळ तीन नव्व्या असण्याच्या एरवी तीन रीती असतात. एक नव्वी फार्हाजवळ असल्यामुळे एकच उरली. स्वतःच्या पानांकडे बघायचे, ते यासाठी.

पाचवी गोष्ट माणूस. समोर एक हौशी हिशेबनीस बसलेला आहे, आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या रकमेपुढे. तो हातात काही नसताना सर्वस्व लावील का? बहुतेकांचे उत्तर ‘नाही’ असेच येईल. त्यातच आणखी एक विचार आहे. फार्हा दोघांत अधिक अनुभवी होता. पाने टाकूनही त्याच्याजवळ खेळण्यापुरत्या चकत्या उरत होत्या. ज्याला आपण पुढे सावकाश जिंकू असा विश्वास आहे, तो एकाच संशयित डावावर सगळे का टाकील? हा विचार मूर्खपणाचा नव्हता. तो त्या दिवशी चुकीचा ठरला, एवढेच.

आता दुसऱ्या बाजूने पाहू. मनीमेकरने केले ती केवळ लबाडी होती का? जॉन फॉन नॉयमन या थोर गणितज्ञाने १९२८ साली खेळांच्या गणिती सिद्धांताचा पाया घातला, आणि ऑस्कर मॉर्गनस्टर्न या अर्थशास्त्रज्ञासह १९४४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पोकरचे एक सोपे रूप घेऊन थापेचे गणित मांडले. त्यातून निघालेला निष्कर्ष असा, की उत्तम खेळात थाप ही अपवाद नसून आवश्यक भाग आहे. आणि ती मारायची, तर बेताच्या हाताने नव्हे, अगदी निरुपयोगी हाताने मारावी. बेताचा हात पाने दाखविण्याची वेळ आल्यावर कधीमधी जिंकतो. निरुपयोगी हाताला जिंकण्याचा दुसरा मार्गच नसतो. मनीमेकरचा हात असाच निरुपयोगी होता.

यातून कॉल करणाऱ्याचेही एक कर्तव्य निघते. पॉटइतक्याच रकमेची थाप मारणारा १०० मिळविण्यासाठी १०० धोक्यात घालतो. आपण निम्म्याहून अधिक वेळा पळालो, तर हातात काहीही नसताना त्याचा धंदा फायद्यात चालतो. नेहमीच पाने दाखवायला लावली, तर तो थापा सोडून देतो, खरे हात घेऊनच बोली लावतो, आणि आपण प्रत्येक वेळी भुर्दंड भरतो. म्हणून शहाण्याने कधी कधी फसून घ्यायची तयारी ठेवावी. एकदाही न फसणारा मनुष्य नक्कीच फार वेळा घाबरलेला असतो, आणि एकदाही न पळणारा फार वेळा लुबाडला गेलेला असतो. या दोहोंमधला तोल कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी खेळाच्या एका मर्यादित रूपापुरता २०१५ साली संगणकाकडून जवळजवळ पूर्णपणे शोधून काढला. जानेवारी २०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्राटस या संगणकप्रणालीने पिट्सबर्गमध्ये चार कसलेल्या व्यावसायिकांशी एक लाख वीस हजार डाव खेळून सर्वांना हरवले. त्या यंत्राला चेहरे वाचता येत नव्हते, राग येत नव्हता आणि लाजही वाटत नव्हती. पॉटच्या कित्येक पट बोली ते निर्विकारपणे लावत असे, आणि आपली थाप पकडली गेली तर खंत न करता पुढच्या डावाला लागत असे.

माणसाला नेमके हेच जमत नाही. ‘एवढे घातलेच आहेत, आता कसे सोडू?’ हा पहिला मोह. पॉटमध्ये गेलेले पैसे आपले राहिलेले नसतात. प्रश्न फक्त पुढच्या रकमेचा असतो. महाभारतातील द्यूतसभेत युधिष्ठिर पण मागून पण लावत गेला, आणि आधीची हानीच पुढच्या पणाचे कारण होत गेली, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. दुसरा मोह कुतूहलाचा: ‘त्याच्याजवळ काय होते ते कळायलाच हवे.’ ते कळण्याची किंमत पुष्कळदा फार मोठी असते. तिसरा अभिमानाचा: ‘मला फसवतो काय!’ ऋग्वेदातील अक्षसूक्तात जुगाऱ्याची जी तळमळ आहे, तीही फाशांची जादू कळूनदेखील हात मागे न घेता येणाऱ्या माणसाची आहे.

म्हणूनच एक स्पष्ट शब्द. हे सगळे गणित पैसे न लावताही शिकता येते; पैसे लावून मात्र ते बहुतेकांना विसरायला होते. गुजरात उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये पोकर हा जुगारच होय, असा निर्णय दिला. गोव्यात मांडवीच्या पात्रात जुगाराच्या नौका उभ्या आहेत. आणि दूरध्वनीच्या पडद्यावरून पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांना बंदी करणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला. ज्या घरातला मुलगा ‘हा कौशल्याचा खेळ आहे’ म्हणून सांगतो, त्या घराने एवढे लक्षात ठेवावे: कौशल्य आहे हे खरे, परंतु ते आपल्याहून अधिक असलेला कोणीतरी मेजावर बहुधा बसलेला असतोच.

शेवटी फार्हाकडे परत येऊ. त्याचा निर्णय चुकला का? निकाल पाहिला तर चुकला. परंतु निर्णयाची परीक्षा निकालावरून करणे म्हणजे दोघांचीही पाने पाहून झाल्यावर शहाणे होणे. त्याने किंमत तोलली असेल, कथानक तपासले असेल, माणूस जोखला असेल आणि मग पाने टाकली असतील, तर तो निर्णय हरूनही सन्माननीय आहे. दुसऱ्या कोणी केवळ हट्टाने पैसे घालून तोच डाव जिंकला असता, तर आपण त्याला द्रष्टा म्हटले असते, आणि ते चूक ठरले असते.

आपल्या घरांतही असे निकाल रोज लागतात. ‘तेव्हा ती जागा विकायला नको होती.’ ‘आजोबांनी त्या वेळी गाव सोडले नसते तर.’ ‘मुलीला तेथे द्यायलाच नको होते.’ बोलणाऱ्यांना आता सगळी पाने उघडी दिसत असतात. निर्णय घेणाऱ्याला ती झाकलेली होती. होळकरांच्या, शिंद्यांच्या किंवा गायकवाडांच्या चाकरीसाठी ज्यांनी पूर्वी देश सोडला, त्यांनाही पुढे काय वाढून ठेवले आहे हे कोणी दाखवले नव्हते. त्यांना विचारायचे झाले, तर एवढेच विचारावे: तेव्हा जे दिसत होते ते सगळे तुम्ही पाहिलेत ना, आणि जी किंमत द्यावी लागणार होती ती नीट मोजलीत ना? उत्तर ‘हो’ असेल, तर त्या निर्णयाबद्दल कोणाला दोष देण्याचे आपल्याला कारण नाही. पुढचा डाव वाटला जात असतो, आणि आपल्याही पानांची वेळ आलेली असते.